सत्तावन्न नंबरचे पाकीट

सासूबाई डोळ्यांच्या दवाखान्यातून दुपारी अडीच वाजता परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन टोकने होती, आणि डोळे मात्र तपासलेले नव्हते. त्यांनी चपला काढल्या, पेलाभर पाणी प्यायले आणि त्या दिवशी घरूनच काम करत बसलेल्या जावयापुढे ती दोन्ही टोकने ठेवली. एकावर सत्तावन्न होते, दुसऱ्यावर एकशे बारा.

"जावईबापू, दवाखान्यातला तो नंबरचा पडदा तुमच्याच कंपनीचा ना?"

"पडदा दुसऱ्याचा. त्याच्या आत जी प्रणाली चालते, ती आमची," जावयाने ताठ बसत सांगितले.

"मग तुमच्या प्रणालीने माझा नंबर गिळला. तीन नंबरच्या खोलीवर छप्पन्न लागला आणि मग एकदम अठ्ठावन्न. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, तुमचा नंबर गेला, परत टोकन घ्या. घेतलं. एकशे बारा यायच्या आत डॉक्टर निघून गेले."

"असं होऊच शकत नाही, आई. खोलीतून बटण दाबलं की नंबराचं पाकीट निघतं आणि पडद्यापर्यंत पोचतं. आमच्याकडे पाकीट हरवत नाही." एवढ्यावर तो थांबला असता तर पुढचे काहीच घडले नसते. पण तो म्हणाला, "तुम्हाला जरा डुलकी लागली असेल."

कोर्टाला सुट्या लागल्याने घरी असलेली आणि आत ताटे पुसणारी त्याची बायको थांबली. ती कोर्टात लघुलेखक होती. बोललेला शब्द न शब्द टिपणे हा तिचा पेशा होता, आणि घरी आल्यावर तो खुंटीला अडकवून ठेवावा असे तिला कधी वाटले नव्हते. "डुलकी," ती हळूच म्हणाली. म्हणजे नोंद झाली.

सासूबाईंनी दोन्ही टोकने उचलून पिशवीत ठेवली. त्यांनी चौतीस वर्षे पोस्टात सॉर्टरचे काम केले होते आणि त्या चौतीस वर्षांत त्यांना डुलकी घेताना कोणी पाहिले नव्हते. लग्न ठरले तेव्हा त्यांनी जावयाला, तुम्ही नक्की काय करता, असे विचारले होते. तो म्हणाला होता की तारेतून माहिती लहान लहान पाकिटांत येते. कॉम्प्युटरच्या तळाशी जी प्रणाली असते, तिच्यात बसून मी ती पाकिटे आत घेतो, पत्ता बघतो आणि ज्याची त्याला पोचवतो. "म्हणजे सॉर्टिंग," सासूबाई म्हणाल्या होत्या. इतकी वर्षे घासून मिळवलेल्या विद्येचा एका शब्दात निकाल लागलेला त्याला तेव्हाही फारसा आवडला नव्हता.

मंगळवारी तो ऑफिसात गेला तो इरेला पेटूनच. तिथे त्याला 'तळघर' म्हणत, कारण तो करत असलेले काम कोणाला दिसत नसे आणि काही बिघडल्याशिवाय तिकडे कोणी फिरकत नसे. त्याने दवाखान्यातल्यासारखाच एक पडदा टेबलावर मांडला, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यावर पाकिटांचा मारा केला. मग हरवलेली पाकिटे मोजणारा मोजक पाहिला. शून्य. त्या शून्याचा त्याने फोटो काढला आणि रात्रीच्या जेवणाला तो फोटो ताटाशेजारी ठेवला.

"दहा लाख पाठवली, दहा लाख पोचली. हे बघा, हरवलेली शून्य."

"छान," सासूबाई म्हणाल्या. "सगळी वेगवेगळी होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येकात वेगळा नंबर होता का?"

"नाही, एकच. एक नंबर. तपासायला सोपं पडतं."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे एकच पत्र एकाच घरी दहा लाख वेळा टाकलंत. त्या घराचा पत्ता बरोबर आहे, एवढं सिद्ध झालं."

बायकोला ठसका लागला. त्या ठसक्यात हसू किती आणि खोकला किती, हे जावयाला नीट मोजता आले नाही.

बुधवारी त्याने ठरवले की आता प्रत्यक्ष दवाखान्यातल्या पडद्याच्या आतच डोकवायचे. ऑफिसात बसल्या बसल्या त्याने त्या पडद्याच्या प्रणालीत चार ओळी घातल्या. पाकीट जिथे जिथे पोचेल, तिथे तिथे तसे लिहून ठेवायचे, एवढेच त्या ओळींचे काम. हजारो इंग्रजी ओळींच्या गर्दीत आपल्या ओळी चटकन दिसाव्यात म्हणून असल्या तात्पुरत्या नोंदी तो नेहमी मराठीत करत असे. नोंदी कुठे लिहायच्या हे सांगायला मात्र तो विसरला. त्या बिचाऱ्या यंत्राजवळ लिहायला भिंतीवरच्या पडद्याशिवाय दुसरे काहीच नव्हते, म्हणून ते आज्ञाधारकपणे तिथेच लिहू लागले.

त्यामुळे सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, दीडशे माणसे बसलेल्या हॉलमध्ये, वीतभर उंचीच्या अक्षरांत नंबरांऐवजी असे दिसू लागले:

पाकीट आले. पाकीट उघडले. पाकीट पुढे दिले. पाकीट आले. पाकीट उघडले. पाकीट पुढे दिले.

निम्म्या लोकांच्या डोळ्यांत थेंब घातलेले असल्यामुळे त्यांना काही वाचता येत नव्हते. त्यांनी उरलेल्यांना विचारले. उरलेल्यांनी वाचून दाखवले आणि दीडशे हात एकदम आपापल्या खिशांकडे आणि पिशव्यांकडे गेले. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "अहो, हा तर खिसेकापूचा कबुलीजबाब आहे!" दुसऱ्या बाईंचे म्हणणे पडले की हे एकट्याचे काम नव्हे, 'पुढे दिले' म्हणजे टोळी आहे. दारावरच्या गार्डने स्वतःच्या अकलेने मुख्य दरवाजा बंद करून घेतला. अकरा जणांनी आपले पाकीट गेल्याचे सांगितले. त्यांतल्या नऊ जणांची घरीच राहिली होती आणि एकाचे त्याच्या हातातच होते. अकरावे कधीच सापडले नाही, पण ते गृहस्थ पाकीट वापरत होते की नाही याबद्दल त्यांच्याच घरात दोन मते निघाली.

तोवर दवाखान्याच्या अधीक्षक बाईंनी कंपनीला फोन लावला होता. साहेबांनी जावयाला केबिनमध्ये बोलावले. साहेब शांत होते, आणि ते शांत असले की ऑफिसातले लोक आपापली टेबले आवरू लागत.

"काढल्या त्या ओळी?"

"हो सर, दहा मिनिटांत काढल्या. सत्तावन्न नंबर यायच्या आधीच काढाव्या लागल्या, त्यामुळे कळलं काहीच नाही."

"कळलं कसं नाही? मला कळलं की त्या बाईंचा आवाज फोनशिवायही इथवर येऊ शकतो. त्या म्हणतायत, शुक्रवारपर्यंत हे निस्तरा, नाहीतर पडदे काढून घेऊन जा; आम्ही दारात माणूस उभा करून नंबर ओरडायला लावू. त्यांचं बघून आपली प्रणाली घेतलेले बाकीचे दोन दवाखानेही तेच करतील. मग तळघराला कुलूपच लावायचं राहील."

"मी परत बाहेरून..."

"बाहेरून काही नाही. बाईंची अट आहे. त्यांच्या नजरेसमोर, हॉलमध्ये बसून, पडद्यावर नंबरांशिवाय काही उमटू न देता."

म्हणून गुरुवारी सकाळी तो लॅपटॉप, एक लांब केबल आणि सासूबाई यांना घेऊन दवाखान्यात हजर झाला. सासूबाईंना तसेही तपासणीसाठी यायचेच होते. एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि तपासणी झाल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख मिळणार नव्हती. त्यांना यावेळी तीन नंबरच्या खोलीचे एक्काहत्तर टोकन मिळाले. जावयाने केबल पडद्याच्या मागे जोडली, नोंदी या खेपेला नीट आपल्या लॅपटॉपवर येतील असे पाहिले, आणि चार्जर लावायला जागा शोधू लागला. सगळ्या हॉलमध्ये एकच प्लग मोकळा होता. तो भिंतीकडच्या खुर्च्यांच्या रांगेजवळ होता. तिथे तो बसला. ती रांग कशाची आहे, हे त्याने विचारले नाही.

तेहेतीस नंबर लागला. चौतीस लागला. लॅपटॉपवर नोंदी येत होत्या. जावई डोळ्यांत तेल घालून बघत होता. तेवढ्यात कोणीतरी मागून म्हणाले, "मान वर करा."

कामात बुडालेल्या माणसाला कोणी ठाम आवाजात काही सांगितले की तो ते आधी करतो आणि मग विचार करतो. जावयाने मान वर केली. दोन थेंब उजव्या डोळ्यात पडले, दोन डाव्या.

"अहो! मी पेशंट नाही!"

"सगळे असंच म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. "डोळे मिटून बसा, अर्धा तास."

"सिस्टर, खरंच, मी कॉम्प्युटरचा माणूस आहे!"

"मग तर थेंबांची जास्तच गरज आहे," असे म्हणून सिस्टर पुढच्या खुर्चीकडे गेल्याही.

अर्ध्या तासात त्याच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की हॉल दिवाळीसारखा उजळला आणि लॅपटॉपवरची अक्षरे विरघळून गेली. त्याने लॅपटॉप नाकापाशी आणला, मग गुडघ्यांपर्यंत लांब नेला. काही फरक पडेना. पडद्यावर सेहेचाळीस लागल्याचे शेजारच्याने सांगितले. अधीक्षक बाई तिकडून कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. निदान तो पांढरा उभा आकार त्यांचाच असावा असे त्याला वाटले.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला थेंब घातलेत का?"

"अजून वेळ आहे."

"मला घातले."

सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले. हसायची ही जागा आहे हे त्यांना कळले होते, पण वेळ नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला आणि चांगला डोळा पुढे करून बसल्या.

"काय वाचू?"

"शेवटची ओळ. जशी येईल तशी."

"पाकीट आले. नंबर एकावन्न, खोली तीन. रांगेत लावले. बेरीज तपासली. जुळली. पुढे दिले." त्यांचा आवाज एका लयीत चालू लागला. चौतीस वर्षांची सवय होती. "पाकीट आले. नंबर बारा, खोली एक. रांगेत लावले. बेरीज तपासली. जुळली. पुढे दिले. ही बेरीज कसली?"

"प्रत्येक पाकिटावर आतल्या आकड्यांची बेरीज लिहिलेली असते. वाटेत काही बिघडलं तर ती जुळत नाही, मग आम्ही पाकीट घेत नाही."

"बरोबर आहे. फाटकं आम्हीही बाजूला काढायचो. पाकीट आले. नंबर छप्पन्न, खोली तीन. रांगेत लावले. बेरीज तपासली. जुळली. पुढे दिले." मग त्यांचा सूर बदलला. "आला. नंबर सत्तावन्न, खोली तीन. रांगेत लावले. बेरीज शून्य." त्या थांबल्या. "टाकून दिले."

"काय?"

"टाकून दिले, असं लिहिलंय. पडद्यावर बघा. नाही, तुम्ही राहू द्या. मी बघते. पडद्यावर अजून छप्पन्नच आहे."

जावई उभा राहिला, आणि नीट दिसत नसल्यामुळे लगेच खाली बसला. सत्तावन्न आणि खोली तीन हे आकडे पाकिटातल्या बाकीच्या आकड्यांशी मिळून असा काही मेळ जमवत होते की त्यांची बेरीज नेमकी शून्य येत होती. नियमाप्रमाणे शून्याचा अर्थ 'यावर बेरीज लिहिलेली नाही, तसेच पुढे जाऊ द्या' असा होता. असले पाकीट इथे मात्र टाकले जात होते, हे त्याने सासूबाईंना सांगितले. रोज. न चुकता.

"म्हणजे तिकीट न लावलेलं पत्र," सासूबाई म्हणाल्या. "ते आम्ही टाकत नव्हतो कधी. बिनतिकिटाचंसुद्धा ज्याच्या त्याच्या दारात नेऊन द्यायचो. आणि टाकलं ते टाकलं, वर वहीत नोंदही नाही? तुमचा तो मोजक इथेही शून्यच दाखवतोय."

"मोजायची ओळ टाकायच्या ओळीच्या खाली असणार. तिथपर्यंत कोणी पोचतच नसेल." त्याची बोटे सवयीने चालत होती, न बघता त्याने प्रणालीतली ती जागा उघडली. "आता वाचा."

"इंग्रजी आहे. इफ. मग सम. मग दोन बरोबरची चिन्हं, एकापुढे एक. मग शून्य. मग रिटर्न." त्यांनी चष्मा वर सरकवला. "वर एक शब्द आहे. 'टेंपररी'. तारीख सहा वर्षांपूर्वीची."

"कुठल्या गाढवानं लिहिलंय? शेजारी नाव असेल बघा."

सासूबाईंनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

"नाव काही नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे ना."

"आद्याक्षर तरी?"

"जावईबापू, आपण चूक शोधायला आलो होतो. ती सापडली."

हॉलमध्ये पंखा फिरत होता. जावयाच्या विस्फारलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तरी त्याला सगळे लख्ख दिसले.

"आई, सोमवारी तुम्हाला डुलकी लागली नव्हती."

"ते मला ठाऊक आहे. घरी गेल्यावर तिला सांगा. नोंद तिच्याकडे आहे."

हे ताजे संशोधन घेऊन तो खुर्च्यांना धडकत टोकनच्या खिडकीपाशी गेला. तिथल्या बाईंनी त्याचे सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"तीन नंबरचा सत्तावन्न ना? तो लागतच नाही. मी तर तो कोणाला देतच नाही. सोमवारी मी रजेवर होते, बदलीवर आलेलीनं दिला असेल."

"कधीपासून लागत नाही?"

"पडदा बसवला तेव्हापासून. सात महिने झाले की."

"मग कळवलं का नाही तुम्ही?"

"कळवायचं कुठे? तुमच्या तक्रारीच्या फॉर्मवर एकच प्रश्न आहे, पडदा बंद पडला आहे काय? पडदा चालू होता."

एक्काहत्तर नंबर लागला, सासूबाईंची तपासणी झाली, तारीख मिळाली. निघताना दोघांच्याही डोळ्यांत थेंब होते. बाहेरच्या उन्हात दोघे एकमेकांचा हात धरून पायरीवर उभे राहिले, आणि रस्ता कोण कोणाला ओलांडून देणार हे ठरेना, तेव्हा जावयाने बायकोला फोन करून बोलावून घेतले. ती आली, दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, "कोणाचे डोळे उघडले?"

"दोघांचे," सासूबाई म्हणाल्या. "यांचे जरा जास्तच."

शुक्रवारी दुरुस्ती झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि सहा वर्षांपूर्वी ती ओळ लिहिणाऱ्याबद्दल चार कडक शब्द उच्चारले. जावयाने ते मान हलवत ऐकून घेतले. तीन नंबरच्या खोलीवर सत्तावन्न झळकला, टोकनवाल्या बाई तो नंबर देऊ लागल्या, आणि आठवडाभर सगळे सुरळीत चालले.

मग तीन नंबरच्या डॉक्टरांचा फोन आला. ते फार सज्जन होते, पण आवाज थकलेला होता.

"तुम्ही ते सत्तावन्नचं काहीतरी केलंत म्हणे?"

"हो डॉक्टर, दुरुस्त केलं."

"पूर्वीसारखं नाही का करता येणार? काय आहे, सत्तावन्नला माझा चहा असायचा. बटण दाबलं की कोणी यायचंच नाही. मी निवांत चहा प्यायचो, मग अठ्ठावन्न. आता बटण दाबलं की दार उघडतं आणि माणूस आत!"

"पण चहाच्या वेळी बटण दाबलंच नाहीत तर?"

"न दाबून कसं चालेल? अधीक्षक बाईंना त्यांच्या खोलीत दिसतं, कोणी किती वेळ बटण दाबलं नाही ते. दाबलं आणि पेशंट आला नाही, तर त्यात माझा काय दोष?"

जावयाने ही गोष्ट साहेबांना हसत हसत सांगितली. साहेब हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दोन दिवसांत त्या चुकीला 'विश्रांती क्रमांक' असे नाव मिळाले, आठवड्याने तिची माहितीपत्रके छापून आली, आणि बाकीच्या दोन दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी आपल्यालाही ही सोय हवी असे लिहून कळवले. अधीक्षक बाईंना पाठवलेल्या पत्रात तिचा उल्लेख 'रांगेचे शास्त्रीय नियोजन' असा होता.

हरवलेले पाकीट शोधायला जावयाला चार दिवस लागले होते. ठरवून एक हरवायला नऊ लागले. ज्या प्रणालीने वर्षानुवर्षे काहीही हरवू नये म्हणून धडपड केली, तिला आता विश्रांती क्रमांक म्हणून ठरलेले चाळीस नंबरचे पाकीट न चुकता, कोणाला कळू न देता गहाळ करायला शिकवायचे होते. शेवटी जमले. त्याने अहवाल लिहिला: एक लाख पाकिटे पाठवली, सर्व वेगवेगळी. एक हरवले. चाचणी यशस्वी. 'सर्व वेगवेगळी' या शब्दांखाली त्याने स्वतःहून रेघ मारली.

दोन महिन्यांनी साहेब पुन्हा शांत चेहऱ्याने त्याच्या टेबलापाशी आले. दुसऱ्या दवाखान्यातून तक्रार होती. काल आणि आज, दोन्ही दिवस चाळीस नंबर लागला होता, पेशंट सरळ आत गेला होता आणि डॉक्टरांचा चहा निवून गेला होता. शुक्रवारपर्यंत कारण सापडायला हवे होते.

तो घरी आला तेव्हा सासूबाई खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होत्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. आता त्यांना कोपऱ्यातल्या बारीक जाहिरातीसुद्धा बिनचष्म्याने दिसत.

"आई, गुरुवारी मोकळ्या आहात का?"

"का? काय हरवलं?"

"काहीच हरवत नाहीये. तोच तर घोळ आहे."

सासूबाईंनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली.

"म्हणजे तिथे कोणीतरी मन लावून काम करतंय," त्या म्हणाल्या. "आधी त्याला शोधून काढायला हवं."